अनसूयेचं डाळिंबी लुगडं

बोला, पांडुरंगाचं नाव घ्या! — अरे, हा काय आवाज? पंगतीत "वरण वाढा" म्हणताना कसा घुमतो, तसा येऊ द्या! ... हां, आता देवापर्यंत पोचला.

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न विचारतो. मरताना माणूस बरोबर काय नेतो?

"काही नाही!" — बघा, पुढच्या रांगेतले आप्पा लगेच बोलले. पाठ झालंय ना, कीर्तनं ऐकून ऐकून! पण आप्पा, माझा प्रश्न तो नाहीच. माझा प्रश्न पुढचा आहे. माणूस मागं जे ठेवून जातो, ते सगळं त्याचंच होतं का? ... आता का खाली बघता? बरं, राहू द्या. गोष्ट सांगतो.

साताऱ्याच्या अंगाला एक जुनी पेठ आहे, पेठेत तांबट आळी आणि आळीत मुकुंदनाना करडे यांचं घर. तांब्याच्या घागरी ठोकून ठोकून नाना एका कानानं बहिरे झालेले. बायको म्हणायची, हे सोयीचं बहिरेपण आहे, नको ते बरोबर ऐकू येत नाही! बायकांनो, हसू नका, तुमच्या घरीही तेच आहे. ती बिचारी मात्र देवाघरी गेली. आता घरात दोघंच, नाना आणि त्यांची लेक ललिता.

ललिताचं लग्न मोडलं होतं. नवऱ्यानं दुसरं बिऱ्हाड केलं, हिला हाकलली. चार वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढली पोर, तेव्हा सुटका झाली. आता मागच्या खोलीत शिलाईचं मशीन टाकून बसायची. आणि मुलगा अविनाश? तो पुण्याला. वाईट नव्हता हो पोरगा! पण एका दिवाळीला सूनबाई आली, पर्समधून टेप काढला आणि मागची खोली मापायला लागली. "इथं छान गाळा निघेल," म्हणाली. हे मात्र नानांना दोन्ही कानांनी ऐकू आलं!

त्या दिवसापासून म्हाताऱ्याला घास गोड लागेना. माझे डोळे मिटले की ही पोर जाणार कुठं? दुकान अविनाशला, घर ललिताला, असं लिहून ठेवायचं त्यांनी ठरवलं. ठरवलं खरं, पण दोन वर्षं लिहिलं नाही! का? लोक म्हणाले, "नाना, मृत्युपत्र केलं की यमाला पत्ता सापडतो." वा रे वा! म्हणजे ज्यांनी केलं नाही ते सगळे अजून जिवंत आहेत का?

शेवटी ललिताच म्हणाली, "नाना, माझी केस चालवली त्या बेंद्रेबाईंकडे जाऊ. घरादाराचीच कामं करतात त्या." नानांनी पंचांग बघितलं, मुहूर्त काढला, नारळ घेतला, कोर्टाबाहेरून स्टँपपेपर घेतला आणि बाईंच्या टेबलावर सगळं मांडलं. जशी काही पूजाच मांडली! बाई हसल्या.

"नाना, नारळ ठेवा, स्टँपपेपर घरी न्या. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही. दोन साक्षीदार लागतात, आणि तुमचं डोकं ठिकाणावर लागतं."

"ते आहे!"

"मग सांगा, घर कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? माझं! घरपट्टी माझ्या नावानं येते!"

"पट्टी कुणीही भरतो. घर बांधलं कुणी?"

"वडिलांनी."

"त्यांनी काही लिहून ठेवलं होतं?"

"छे! आमच्यात असलं कोण करतं?"

"भावंडं?"

"एक बहीण आहे, अनसूया. फलटणला दिलीय. पण तिनं हक्क सोडलाय."

"हक्कसोडपत्राची नोंद असेल ना?"

"नोंद कसली? पाच माणसांसमोर लुगडं दिलंय!"

मंडळी, थांबा इथं. हसायचं नाही. तुमच्या-आमच्यात हे असंच चालतं की नाही? बाप गेला, तेरावं झालं, पानं उठली. मग चुलत्यानं हाक मारायची, "ये गं पोरी, भावाकडून लुगडं घे, हक्क सोडला म्हण!" सव्वीस वर्षांपूर्वी अनसूयेला असंच अंगणात उभं केलं होतं. नानांनी तिच्या हातावर डाळिंबी रंगाचं लुगडं ठेवलं, वहिनीनं कुंकू लावलं. चुलता म्हणाला, "सोडला!" मागून चार जण म्हणाले, "सोडला, सोडला!" आणि अनसूया? ती काय म्हणाली? ... कुणी ऐकलंच नाही. ती काही बोललीच नव्हती.

आठवड्यानं बाईंनी सिटी सर्व्हेचा उतारा पुढं ठेवला. त्यावर दोन नावं, मुकुंद आणि अनसूया. अर्धं-अर्धं! वडील गेल्यावर वारसाचा अर्ज दिला होता, त्यात चुलत्यानं दोघांचीही नावं भरलेली. आणि खाली सही नानांचीच होती! न वाचता केलेली.

नाना उसळले. "बाई, तुम्ही वकील माझ्या की तिच्या?"

"तुमची, नाना. म्हणून तर आत्ता सांगते, तुम्ही गेल्यावर कुणी दुसऱ्यानं सांगण्यापेक्षा. तुमच्या अर्ध्याचं तुम्ही लिहू शकता. बहिणीच्या अर्ध्याचं नाही. तरी लिहिलंत, तर ललिताला पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागेल. चालेल?"

नानांनी उतारा उचलून पुन्हा डोळ्यांजवळ धरला.

"बहिणीला भेटा. तयार कागद घेऊन जाऊ नका, आधी विचारा. आणि सही करायची वेळ आली, तर त्यांना त्यांचा स्वतःचा वकील विचारू द्या. माझ्या शब्दावर त्यांनी सही करायची नाही."

बघा, वकील असा असावा! आपल्याला गोड वाटेल तेवढंच बोलणारा असेल, तर त्याला पैसे कशाला द्यायचे? त्यासाठी व्याही आहेत की!

नाना एसटीत बसले. फलटणपर्यंत दोन तास. मनात हिशेब चालू, काय बोलावं, कसं पटवावं. "अगं, नुसती सही तर करायचीय..." आणि एकदम त्यांच्या डोळ्यांपुढं आलं आपलंच तेरावं! तेच अंगण. ललिता उभी आहे, अविनाश तिच्या हातावर लुगडं ठेवतोय, आणि मागून सगळे ओरडतायत, "सोडला, सोडला!" म्हाताऱ्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. शेजारच्या माणसानं विचारलं, "आजोबा, गाडी लागते का?"

अनसूया दारात वाटाणे सोलत बसली होती. भाऊ सव्वीस वर्षांत तिच्या दारी तीन वेळा आलेला, तिन्ही वेळा कुणाच्या ना कुणाच्या मयताला. ती घाबरून उठली. "दादा! कोण गेलं?"

ऐकलंत? भाऊ दारात दिसला आणि बहिणीच्या तोंडून पहिला शब्द कुठला निघाला, तर "कोण गेलं?" काय कमावलं होतं हो त्यानं?

"कुणी नाही गेलं," नाना म्हणाले, "मीच आलोय." चहा झाला. पाऊसपाणी झालं. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं, उतारा, दोन नावं, ललिता, मागची खोली. शेवटी म्हणाले, "अनू, तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"मला विचारलं कुणी, दादा? त्या वर्षी ह्यांची नोकरी गेली होती. मी तेराव्याला आले ती मनात धरून आले होते, की दादाला म्हणावं, मागची खोली सहा महिने दे. तोंड उघडणार, तोवर हातावर लुगडं आलं. मग काय बोलणार?"

नानांना वर बघवेना. "मला माहीत नव्हतं गं..."

"तू विचारलं नाहीस."

नाना सुपातली एक शेंग उचलून सोलायला लागले. मग नाना म्हणाले, "ते लुगडं... आहे अजून?"

"आहे की. तुझ्याच घरी आहे."

"माझ्या?"

"नेसवलं नाही मला ते कधी. नवऱ्यानं हाकलल्यावर ललिता आधी माझ्याकडं आली होती, आठ दिवस. तुला सांगायची तिला लाज वाटत होती. थंडीचे दिवस, पोर कुडकुडत होती. त्या लुगड्याची गोधडी शिवली आणि तिच्या अंगावर घातली. अजून पांघरते म्हणत होती."

मंडळी, सहा वर्षं ती डाळिंबी गोधडी नाना रोज बघत होते. दोरीवर वाळताना बघत होते. आपल्या हातानं दिलेलं लुगडं त्यांनी ओळखलं नाही!

म्हातारा लहान पोरासारखा रडला. डोळे पुसून म्हणाला, "अनू, तुझा अर्धा वाटा तुझाच आहे. तू म्हणशील तसं."

अनसूयेनं सुपातली टरफलं झाडली. "मग ऐक. मी हक्क सोडणार नाही. तुझ्यासाठी तर नाहीच नाही! माझं अर्धं मी ललिताला देणार, माझ्या हातानं, माझ्या नावानं. आणि साक्षीदार म्हणून सही तू करायची."

महिन्याभरात बक्षीसपत्र झालं. अनसूयेनं फलटणच्याच एका वकिलाकडून कागद वाचून घेतला, दोनदा! नानांनी आपल्या अर्ध्याचं मृत्युपत्रही ललिताच्या नावानं केलं. आणि अविनाशला समोर बसवून आधी सांगितलं, मागून कळायला नको म्हणून. नोंदणीच्या दिवशी साहेबांनी नेहमीसारखं, मान वर न करता विचारलं, "आजी, राजीखुशीनं देताय ना?"

अनसूया क्षणभर बघतच राहिली. सव्वीस वर्षांनी तो प्रश्न तिला कुणीतरी विचारला होता! "हो!" म्हणाली, इतक्या मोठ्यानं की साहेबांनी दचकून मान वर केली. आणि नाना? एका कानानं बहिरे ना ते! तरी त्यांना तो "हो" जन्मभर पुरला.

तर मंडळी, आता माझा प्रश्न पुन्हा घ्या. तुमच्या घराच्या उताऱ्यावर कुणाची नावं आहेत? ह्या बाजूला माझ्या आयाबहिणी बसल्यात. त्यांच्यातल्या कितीजणींच्या हातावर लुगडं ठेवलं गेलं, ते मी विचारत नाही. हात वर करू नका. तुमचे भाऊ त्या बाजूला बसलेत, आणि मला आज इथं जेवायचंय!

पण बाबांनो, लेकीसाठी वकील करायला निघाल, तेव्हा वाटेत बहिणीचं घर लागतं. तिथं उतरा. लुगडं नेऊ नका, कागदही नेऊ नका. रिकाम्या हातानं जा आणि एवढंच विचारा, "बाई, तुझं काय म्हणणं आहे?" आणि मग गप्प बसा. ती बोलेपर्यंत गप्प बसा.

तो विठोबा विटेवर आणखी काय करतोय? बोला, पांडुरंगाचं नाव घ्या. ह्या वेळी बायकांनी आधी म्हणा, पुरुष मंडळी ऐकतील.