तिसरा पलंग

यार, मेलेल्या माणसांची ट्रिप रद्द कुणी करायची असते?

दादा-वहिनी नाताळात प्रागला जाणार होते. मुकुंदवाडीत आम्ही तिघं एकाच खोलीत राहायचो. मी वहिनीला चिडवायचो, "जुनं शहरच बघायचं, तर आपल्या शहराचे जुने दरवाजे काय वाईट हायत?"

ती म्हणायची, "भाऊजी, तिथं उठल्या उठल्या तुमचा चहा करावा लागत नाय!"

लासूर स्टेशनहून येताना ट्रकनं दोघांनाही नेलं. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. परवा क्रांती चौकात उगाच फिरत होतो, तर खिशात दादाचा फोन वाजला. ट्रॅव्हलवाली पोरगी मला दादाच समजली.

"सर, भावासाठी हॉटेलच्या खोलीत तिसरा पलंग मिळेल का, असं विचारलं होतं ना तुम्ही? मिळतोय. टाकू का?"

भाऊ म्हणजे मीच. दोघांनी मला पत्ता लागू दिला नव्हता. ट्रिप रद्द करा म्हणायला तोंड उघडलं आणि बोललो भलतंच, तेही दादासारखा आवाज काढून.

"नको ताई. त्याला इथंच राहू द्या. खोली दोघांचीच ठेवा."