विळी आणि मस्कतचं विमान

विळीवर बसून कसले कसले पेच सुटतात, ते मला विचारा. लेकीचे दिवस भरले होते, म्हणून आम्ही दोघं मुलुंडहून मस्कतला निघालो होतो. सहार विमानतळावर, विमान सुटायच्या बेतात असताना, पोलिसाने बायकोच्या पिशवीतून विळी बाहेर काढली.

"हत्यार आहे हे! बाजूला व्हा दोघं."

मी लगेच बाजूला झालो. ही मात्र त्याच्या हातातली विळी फरशीवर मांडून तिच्यावर बसली.

"बघ रे दादा, ही जागची हलत नाही. पायलटने स्वतः येऊन मान पुढे केली, तरच कापेल!"

तो हसला नाही. विळी ठेवून घेतली आणि म्हणाला, "पळा." त्या गडबडीत माझी झडती राहूनच गेली.

विमान उडाल्यावर ही पुटपुटली, "बरं झालं. अडकित्ता तुमच्या कोटाच्या खिशात आहे."