चुन्याची लकीर

(महागावच्या रस्त्याला लागून टिनाचं शेड. शेडात हरिसिंग नायकाची पांढरी गाडी, मागच्या चाकावरचा पत्रा आत बसलेला. गाडीजवळ अंजू. शेडापासून चांगलीच दूर, निंबापासून नळापर्यंत, जमिनीवर चुन्याची लकीर मारली आहे. लकिरीच्या पलीकडं खाटेवर अंजूचा बाप प्रेमसिंग बसला आहे. बसला म्हणायचं आपलं, बूड काही खाटेला टेकत नाही. अंजूची याडी, म्हणजे आई, सुखीबाई लकिरीवरच ठाण मांडून आहे.)

सुखीबाई : पाय मांगं घ्या.

प्रेमसिंग : मांगंच आहे पाय.

सुखीबाई : अंगठा चुन्यावर आहे. मले काय दिसत नाही काय?

प्रेमसिंग : अवं, अंगठ्यानं काय होते? डाक्टरनं पेसमेकरची डबी छातीत बसवली, अंगठ्यात नाही बसवली.

सुखीबाई : अन् डाक्टरनं सांगतलं काय, ते बोला पहिले.

प्रेमसिंग : सतरा खेपा बोललो.

सुखीबाई : आनखी एक खेप बोला. पोरीले बी आयकू द्या.

प्रेमसिंग : वेल्डिंगच्या मशीनीपासून दूर राहा म्हने. तिच्या करंटानं छातीतली डबी भरमते. झालं समाधान?

सुखीबाई : भरमली का काय होते?

प्रेमसिंग : एखांदा ठोका चुकते.

सुखीबाई : ठोका चुकते! बंद पडू शकते म्हनला तो. मी काय बहिरी होती तिथं?

अंजू : याडी, बा, भांडन मंग करा. रंग काढला मी, पत्रा उघडा झाला. अर्थिंगचा चिमटा कुठं लावू?

प्रेमसिंग : खड्ड्याच्या बाजूले लाव. पन रंग निघाला तिथंच. रंगावर लावशीन तर करंट जानार नाही. लावला? हलवून पाह्य.

अंजू : घट्ट आहे. बा, एक विचारू? हरिसिंगकाकाले तुमी सांगतलं ना, का मशीन मी धरनार म्हनून?

प्रेमसिंग : गाडी न्याले येईन तवा सांगू.

अंजू : म्हंजे नाही सांगतलं.

प्रेमसिंग : कसं सांगू, बाई? तो म्हने, साऱ्या डेंटरायनं पत्रा कापून नवा बसवा म्हनलं, मले कापाकापी नाही पायजे, तुह्याच हातचं काम पायजे. मी हो म्हनून बसलो. दवाखान्यातून आल्यावर पहिलं गिऱ्हाईक दारात आलं, त्याले वापस लावू?

सुखीबाई : लावाचं होतं.

प्रेमसिंग : उद्या त्याच्या पोरीचा साखरपुडा आहे. हीच गाडी साऱ्या तांड्यासमोर उभी राहीन. पत्रा फाटला, लाट राह्यली, तर लोक काय म्हनतीन? प्रेमसिंग संपला म्हनतीन.

सुखीबाई : पत्रा फाटला तर पत्रा संपते. तुमी संपले तर मी कोनाच्या तोंडाकडं पाहू?

प्रेमसिंग : घ्या! आता रडनं काढलं. अंजू, पिन गनमधी घाल. घातली? आता पत्र्यावर सरळ टेकव, वाकडी नोको धरू. बटन दाब अन् सोड.

अंजू : किती येळ दाबू?

प्रेमसिंग : दाब अन् सोड. तेवढाच.

अंजू : तेवढाच म्हंजे किती?

प्रेमसिंग : हे आता तोंडानं कसं सांगू, बाई? हाताले कळते ते.

अंजू : तुमचा हात लकिरीच्या पलीकडं आहे. इकडं फक्त तोंड येते तुमचं. तोंडानंच सांगा.

प्रेमसिंग : बरं. मी चुटकी वाजवतो. एक वाजली का दाब, दुसरी वाजली का सोड. तयार? ... हं. ... हं!

अंजू : चिकटली! ... अरे बाप्पा, पडली.

प्रेमसिंग : जोर नाही लावला तू. गन अंगानं रेटावं लागते. थांब, एकच पिन लावून देतो, तुह्या ध्यानात येईन—

सुखीबाई : बसा खाली!

प्रेमसिंग : एक पिन, सुखे! डोळ्याची पापनी लवत नाही तं होते ते.

सुखीबाई : पापनी लवत नाही तेवढ्यात मानूस जाते. मी पाह्यलं आहे. याच शेडात पाह्यलं.

अंजू : बा, बसा. मी आनखी एक लावतो म्हनलं ना! तुमी चुटकी वाजवा.

प्रेमसिंग : ... हं. ... हं!

अंजू : बसली. हलवून राह्यली मी, हलत नाही.

प्रेमसिंग : खरंच?

अंजू : खरंच. पक्की बसली.

प्रेमसिंग : मंग तिच्या बाजूनं एका रांगेत लावत जाय. कडेकडेनं. मधात हात घालू नोको आताच. खड्डा कडेपासून भरून येते, मधातून ओढला का पत्रा टोक काढते.

सुखीबाई : पाहा, तोंडानं सांगता येते तुमाले. उगीच हातापायाचे बहाने!

प्रेमसिंग : तू चूप राह्य, मले आयकू दे. अंजू, पुलर लाव पहिल्या पिनले, पिन धरून पत्रा भायेर ओढाचा. दांड्यावरचं वजन मांगं आपट. धीरानं. सासूवरचा राग काढल्यासारखा नोको आपटू.

अंजू : सासूचं नाव कायले काढता? सोडून आली ना तिले मी?

प्रेमसिंग : म्हनूनच म्हनलं धीरानं. ठोक. ... हा आवाज कोरडा आला. पत्रा जाग्यावरून सुटला का?

अंजू : सुटला, बा! नखभर वर आला.

प्रेमसिंग : नखभरच पायजे. नखानखानंच येते तो. दुसरी पिन. ... हा. ... हा बी बरोबर. ... हा थोडा दबका आला. अर्थिंग ढिली झाली काय? पाह्य.

अंजू : ढिलीच होती. तुमाले तिथून कसं कळलं?

प्रेमसिंग : उभी जिंदगी कानानंच काम केलं मी. लोकायले वाटते डेंटर डोळ्यानं पाह्यते. ... आता मधातल्या पिना लाव. इथं पत्रा तानला आहे, पातळ झाला आहे. इथं चुटकी आनखी लवकर वाजवतो. आयकलं काय?

अंजू : ट्रकच्या आवाजात आयकू नाही आलं. काय म्हनलं?

प्रेमसिंग : पातळ आहे म्हनलं पत्रा! मधात पातळ! ... नाही आयकू येत तिले. मी दोन पाय समोर जातो फक्त.

सुखीबाई : एक पाय नाही.

प्रेमसिंग : अवं, मशीन चालू नाही सध्या!

सुखीबाई : कवा चालू होते, कवा बंद होते, तुमाले इथून काय दिसते? पाय मांगं घ्या. आयका माह्यं. त्या दिवशी तुमी भितीजवळ पडले. हातातला ग्राइंडर फिरतच होता. मी पहिले तुमाले हात लावू का पहिले ग्राइंडर बंद करू, मले सुचेचना. उभी राह्यली मी, दगडासारखी. माह्या डोळ्यासमोर माह्यं कुकू पुसून गेलं अन् मी उभीच. ते मले रोज रातच्याले दिसते. आता ही लकीर मी माह्यासाठी मारली आहे, तुमच्यासाठी नाही.

प्रेमसिंग : हे तू कवा बोलली नाही.

सुखीबाई : कवा बोलू? तुमी दवाखान्यातून आल्यापासून पत्र्याचंच बोलून राह्यले.

अंजू : बा! मधातली पिन टेकवली आहे. वाजवा चुटकी.

प्रेमसिंग : हं. ... हं!

अंजू : हं?

प्रेमसिंग : सोड, सोड! दुसरी वाजली!

अंजू : सोडलं मी! बोट काढलं! बटन वर येत नाही!

प्रेमसिंग : गन ओढून घे!

अंजू : येत नाही! चिकटली पिन! लाल झाली, बा, पत्रा लाल झाला!

प्रेमसिंग : टिचकी मार! बटनाले बाजूनं टिचकी मार!

अंजू : कुठून? कोनत्या बाजूनं?

प्रेमसिंग : बाजूनं! ... आतून धूर येऊन राह्यला, आतलं अस्तर पेटलं! सोड मले, सुखे!

सुखीबाई : नाही सोडत! नाही सोडत मी! अंजू, तुह्या बापाले पाह्य! ... अवं माय, सुटले! गेले वं, अंजू, गेले!

अंजू : बा, थांबा! तिथंच! मशीन चालू आहे!

प्रेमसिंग : गाडी जळून राह्यली! मी सोडवतो बटन! तू कुठं पळून राह्यली? भितीकडं कायले पळते? गाडीकडं पाह्य!

अंजू : हात नोका लावू गनले! बा! हात नोका लावू!

सुखीबाई : मेन! अंजू, मेन!

अंजू : ... बंद! बंद केली मेन! बंद झाली!

प्रेमसिंग : मंग पानी आन! पानी! आता टाक, भेव नाही! खिडकीतून टाक, अस्तरावर!

सुखीबाई : आली मी बाल्टी घेऊन. सरका. सरका तुमी बाजूले!

अंजू : आनखी एक, याडी. ... विझलं. धूर आहे फक्त. विझलं.

सुखीबाई : बसा इथं. बसा म्हनलं ना! मनगट द्या इकडं. ... चूप. कोनी बोलू नोका. ... अंजू, लागून नाही राह्यलं मले. तू पाह्य.

अंजू : दे. ... लागते. ठीक चालू आहे, याडी.

सुखीबाई : खरं सांग.

अंजू : तू बोट इथं ठेव. लागलं?

सुखीबाई : ... हो. लागलं. हो वं माय.

प्रेमसिंग : मले काही नाही झालं.

सुखीबाई : तुमी तं बोलूच नोका! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हनते, तुमाले दोन्ही आजच करून दाखवाचं होतं.

प्रेमसिंग : अंजू, तू गाडी सोडून पळाली. अस्तर पेटलेलं दिसत होतं.

अंजू : दिसत होतं.

प्रेमसिंग : मंग?

अंजू : तुमी बी दिसत होते. गनपासून हातभर राह्यले होते तुमी. गाडी जळू दिली मी. हरिसिंगकाकाची काय, कोनाचीही असती तरी जळू दिली असती. लोक काय म्हनाचं ते म्हनोत. बा, त्या बटनाचं काय आहे? तुमी टिचकी मार म्हनलं. म्हंजे ते अडकते, हे ठाऊक होतं तुमाले.

प्रेमसिंग : अडकते. जुनी आहे मशीन. अडकलं का मी अंगठ्यानं बाजूनं टिचकी मारतो, सुटते. दरखेपी मारतो.

अंजू : मले नाही सांगतलं.

प्रेमसिंग : देवाशपथ, बाई, लपवलं नाही. सांगाचं असते हेच ठाऊक नोतं मले. अंगठा मारत राह्यला, मी कवा त्याच्याकडं पाह्यलंच नाही. तुह्या जाग्यावर दुसरं कोनी असतं तं मी त्याले शिव्या घातल्या असत्या का बटन सोडता येत नाही म्हनून.

सुखीबाई : आनखी काय काय करते तुमचा अंगठा? आठवून ठेवा. पोरीले सारं सांगा.

प्रेमसिंग : सांगतो. गनच्या मांगचा पेच खोल, अंजू. आत स्प्रिंग आहे, ती कुजली असन. बदलून टाक. तवरोक मेन लावू नोको.

अंजू : बरं. पत्रा पाह्यला काय तुमी?

प्रेमसिंग : नाही पाह्यला. कसा आहे?

अंजू : मधात सुईयेवढं भोक पडलं. बाकी वर आला आहे. या, पाहा, आता मशीन बंद आहे.

प्रेमसिंग : तू हात फिरवून सांग.

अंजू : हात फिरवला. कडा सपाट लागते. मधात थोडं दबलं आहे. भोक भरून घेतलं अन् दोन पिना ओढल्या का बसते.

प्रेमसिंग : मंग बसते. सुखे, फोन लावून दे हरिसिंगले. उजव्या कानाले धर, डाव्या बाजूले डबी आहे. ... हा, हरिसिंग? राम राम. गाडीचं बोलतो. आतलं अस्तर जळलं गा थोडं. ... नाही, चूक माह्यी. मशीन खराब होती अन् मी सांगतलं नाही. ... आयक ना. तू माह्या हातचं काम मांगतलं होतं, मी हो म्हनलं. खोटं बोललो. काम माह्या पोरीनं केलं. अंजूनं. ... हो, मशीनबी तिनंच धरली. ... पत्रा? पत्रा चांगला ओढला तिनं. माह्यापेक्षा धीरानं. ... अस्तर बदलून देतो. तुले दुसरीकडं न्याची असन गाडी तं ने, मी राग नाही धरनार. ... ... बरं. बरं, सांगतो तिले. ठेवतो.

अंजू : काय म्हनले?

प्रेमसिंग : अस्तरावर चादर टाकून नेतो म्हने. पुरी कराले सांग म्हने तुह्या पोरीले.

सुखीबाई : अन् तुमाले काय म्हनले?

प्रेमसिंग : मले म्हने, तू जिता आहे ना, मंग झालं. ... सुखे, चुन्याची पिशवी कुठं ठेवली?

सुखीबाई : कायले पायजे?

प्रेमसिंग : लकीर पुसली माह्या पायानं. पाह्य ना, मधातून सारी गेली.

सुखीबाई : मी मारतो. तुमी बसा.

प्रेमसिंग : नाही. इकडं दे. माह्या हातानं मारतो.

सुखीबाई : मंग सरळ मारा, होती तिथंच.

प्रेमसिंग : होती तिथं नाही. खाट उचल माह्यी. आनखी मांगं घे, नळाच्या पलीकडं.

अंजू : बा, तिथून आवाज आयकू येईन काय तुमाले?

प्रेमसिंग : येते, बाई. तू ठोक.