नाकारलेला तांब्या

शिरूरच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक बाई शेजारच्या म्हाताऱ्याशी बोलत होती.

"आबा, घोटभर पाणी घ्या."

"नको, बाई. किडन्या गेल्यात. पाणी बेतानं प्यावं लागतं."

"मंग पुण्याला त्यासाठीच?"

"व्हय, डायलिसिसला. इकडं मशीन कुठंय?"

"गावाकडं येतं का कुणी भेटाया?"

"मीच जायाचा लोकांच्या घरी. पन पाणी नाकारलं की मान्सं म्हंत्यात, आबानं मनात काय तरी धरलंय."

"सांगायचं की त्यांस्नी."

"सांगितलं. तरी तांब्या पुढं येतोच. मंग जायाचंच सोडलं."

"मंग करमतं कसं?"

"डायलिसिसच्या वाराची वाट बघतो. शेजारच्या खाटंवर दौंडचं मास्तर असत्यात. त्ये पाणी इचारत न्हाईत."