नेपरव्हिलमध्ये बेकार आहे कोण?

सिनेमे बंद पाडणाऱ्यांशी मी पत्रकार म्हणून जन्मभर भांडलो आणि शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळात परवा मीच एक बंद केला!

इंग्लंडमधल्या कामगारवस्तीचा होता, कारखाना बंद पडल्यानंतरचा. अध्यक्ष देसाई आधीच कुरकुरले, "यार, तिथलाच तो दुसरा लाव ना, बेकार कामगार नाचाची स्पर्धा जिंकतात तो. लोक रिलॅक्स व्हायला येतात. आणि नेपरव्हिलमध्ये बेकार आहे कोण?"

"उपाशी माणसाला नाचवून टाळ्या कसल्या घेता?" असं ओरडून मी हट्टाने माझाच सिनेमा लावला.

वीस मिनिटांत आयटीतला निनाद माझ्या कानाशी आला. "काका, प्लीज, नाचाचा लावा."

"तूसुद्धा?"

"ह्यातला माणूस नोकरी गेल्याचं घरी सांगत नाही, रोज डबा घेऊन निघतो."

"मग?"

"मीही तीन आठवडे तसाच शिकागोची ट्रेन पकडतोय. बायको आता पडदा सोडून माझ्याकडे बघायला लागलीये."

मी सिनेमा बदलला.

देसाई खुशीत म्हणाले, "पटलं ना शेवटी?"

त्यांच्या मघाच्या प्रश्नाचं उत्तर तिसऱ्या रांगेत, बायकोशेजारी बसून जोरजोरात टाळ्या वाजवत होतं.