बंदूक ठाण्यात, मका रानात

माझं माहेर येवल्याचं, ताई. वडील पैठणीच्या मागावर बसायचे, शेजारीपाजारी सगळीकडं मागच, दिवसभर खटक खटक चाललेलं असायचं, त्या आवाजात आईला हाक मारायची तर घसा ताणूनच मारावी लागायची, म्हणून मला मोठ्यानं बोलायची सवय लागली ती आजपर्यंत. लग्न झालं आन् मी इकडं आले, दिंडोरीच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला, इथं सगळं गुपचूप, आन् आमचे हे तर असे की तोंडातून शब्द काढायचा म्हणजे गाठीचा खर्च होतोय. पहिल्या दिवसापासून मला सांगतायत, अगं हळू बोल, इथं काय बहिरं नाय कुणी. तीस वर्षं झाली, तेच सांगतायत.

तर तुम्ही बंदुकीचं विचारलं. काय सांगू तुम्हाला, त्या बंदुकीनं माझं डोकं उठवलंय.

आमच्या चार गाई होत्या. होत्या म्हणते, ते पुढं सांगते. गाई माझ्या, म्हणजे दावणीचं सगळं माझ्याकडं, दूध माझ्याकडं, पोरीचं शिक्षण त्या दुधावर झालं. आन् गाईंना वर्षाचा चारा म्हणजे डोंगराच्या कडेची मका. कणसात दूध भरलं की ती कापायची, कुट्टी करायची आन् खड्ड्यात मुरघास दाबून ठेवायचा, तो उन्हाळाभर पुरतोय. पण कणसात दूध भरल्याचं माझ्या आधी डुकराला कळतंय. रानडुक्कर हो, कळपानं येतात, खातात थोडं आन् लोळवतात जास्त. एक साल असं झालं की निम्मं रान आडवं. हे म्हणले, अजून एकदा असं झालं तर गाई विकून टाकू, विकतचा चारा घालायची आपली ऐपत नाय.

मंग ह्यांनी ठरवलं, बंदूक घ्यायची.

आता बंदूक कुठली घ्यायची ते ठरवण्यात एक अख्खं साल गेलं, ताई. लेकीचं लग्न ठरायलाबी एवढा वेळ लागला नाय. ह्यांच्या मोबाईलवर रोज कुणीतरी परदेशातला टोपीवाला, गाडीच्या टपावर बंदूक टेकवून लांब माळावरचं कोल्ह्यासारखं जनावर टिपतोय, आन् हे जेवण ताटात निवत ठेवून बघत बसणार. मला म्हणणार, बघ, अशी दुर्बीण लावलेली पाहिजे. मी म्हणले, तो माळ बघा केवढा हाय, आपलं रान केवढं हाय, तुम्ही दुर्बीण लावली तर त्यात शेजारणीची चूल दिसंल. तर म्हणतात, तुला त्यातलं काय कळतं. आन् आमचे दीर, धाकटे भाऊजी, ते मिलिटरीतून रिटायर झालेले, त्यांचं दुसरंच. ते येणार, ओट्यावर बसणार, माझ्या हातचा चहा दोनदा पिणार, आन् रायफलशिवाय मजा नाय म्हणून सांगणार. त्यांना मजा, मला मका.

शेवटी दोघं भाऊ नाशिकला गेले, द्वारका चौकाच्या पुढं कुठंतरी बंदुकीचं दुकान हाय तिथं. मीबी गेले, मला डोळ्यांचा नंबर काढायचा होता. तो दुकानदार म्हातारा, बरा माणूस. म्हणला, रायफलची गोळी चुकली तर पलीकडच्या गावात जाईल, वस्तीत कोण हाय कोण नाय ते गोळीला कळत नाय, आन् किंमतबी तुम्हाला झेपणार नाय. शेतीसाठी परवाना मिळाला तर साधी एकनळी बंदूक घ्या, नायतर घेऊच नका. भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. मंग ह्यांनी काय केलं, सगळ्यात स्वस्त ती छर्ऱ्याची उचलली, परवाना लागत नाय म्हणून. दुकानदार सांगत होता, अहो ह्यानं डुक्कर मरत नाय, नुसतं चिडतंय. ह्यांनी ऐकलं नाय. छर्रा लागला तर डुकरानं माशी झटकावी तसं अंग झटकलं आन् पुन्हा खायला लागलं, मी डोळ्यानं बघितलं. ती बंदूक आता आमचा नातू आला की मागतो, मी पेटीत कुलपात ठेवलीय.

मंग परवान्यामागं लागले. जंगलखात्याचं, पोलिसाचं, सगळं रीतसर केलं, हेलपाटे घातले, त्यात चपला झिजल्या. परवाना आला आन् एकनळी घ्यायला पैसे नाय. तर म्हणतात, चांदणी देऊ. चांदणी माझी चौथी गाय, माझ्या हातावर जन्मलेली. मी म्हणले, अहो, गाईंचा चारा वाचवायला गाय विकायची, ही कुठली रीत. तर म्हणले, एक गेली तर तीन राहतील. गेली चांदणी. टेम्पोत चढताना तिनं मागं वळून बघितलं, त्या दिवशी मी ह्यांच्याशी बोलले नाय, आन् हे म्हणतात कसे, आज घर कसं शांत वाटतंय.

आता खरी गंमत ऐका. बंदूक आली तशी राखणीची तऱ्हाच बदलली. आधी आम्ही संध्याकाळी बांधावर जायचो, मी पत्र्याचा डबा वाजवायची, हाळ्या द्यायची, दोघं काहीबाही बोलायचो, मी बोलायची म्हणा. बंदूक आल्यावर हे म्हणले, तू यायचं नाय. आलीस तर बोलायचं नाय. डबा नाय, खोकायचं नाय. का, तर डुक्कर टप्प्यात यायला पाहिजे. मी म्हणले, अहो, ते येऊ नये म्हणून आपण राखण करतोय ना. तर ओठावर बोट. असं चिडीचूप बसल्यावर डुक्कर येणार नाय तर काय करणार, निवांत आली, घरच्यासारखी जेवली. आन् ह्यांनी उभ्या हंगामात एकच बार काढला, तो लागला आमच्याच पाण्याच्या टाकीला. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं मला.

मागल्या वर्षी मका पुन्हा कणसात आली आन् नेमकी निवडणुकीची आचारसंहिता लागली. ठाण्यातून निरोप, परवान्याची हत्यारं जमा करा. हे बंदूक घेऊन गेले, आले ते सुतकातून आल्यासारखे. आता काय, गेली मका, म्हणले, बाकीच्या गाईंना गिऱ्हाईक बघतो. मला असा संताप आला की विचारू नका. मी डबा उचलला आन् बांधावर जाऊन बसले. हे मागनं आले. आन् मी जे बोलायला सुरुवात केली ना, चांदणीपासून, टोपीवाल्यापासून, भाऊजींच्या चहापासून, तीस वर्षांचं सगळं काढलं, माहेरच्या आवाजात काढलं. हेबी कधी नाय ते चिडले, मोठ्यानं बोलायला लागले. रोज संध्याकाळी आमचं भांडण, रानभर ऐकू जाईल असं. आन् ताई, एक कणीस पडलं नाय. मुरघासाचा खड्डा गच्च भरला. तिन्ही गाई दावणीला हायत, समोर बघा.

ह्यांना म्हणले, बघा, माणसाच्या आवाजाला भितंय ते जनावर. तर म्हणतात कसे, बंदुकीचा धाक बसलाय डुकरांना. अहो, बंदूक ठाण्यात होती. तर म्हणतात, डुकरांना काय माहीत. आन् तुझ्या बोलण्याला डुकरं पळत असती तर मी कसा टिकलो.

निवडणूक झाली, बंदूक घरी आली, ती बघा खुंटीला, कालच तेल घालून पुसलीय. मका यंदा कमरेला लागलीय, महिन्याभरात कणसात दूध भरंल, आन् कालपासून पुन्हा सुरू, यंदा तू यायचं नाय बांधावर.

देव सगळ्यांचं भलं करो, ताई. तुम्ही शहरातल्या, पेपर वाचता, तेवढं एक बघून सांगा मला, महिन्याभरात कुठली तरी निवडणूक लागतीय का.