अर्धी वाटी

आजी : म्हणजे आज ताट इथेच? या चिमट्या-स्क्रूंच्या पसाऱ्यात?

आजोबा : ठेव त्या घड्याळाशेजारी. तेही बंदच आहे.

आजी : अहो, दुकान सोडून सहा वर्षं झाली. आता काय दुरुस्त करताय?

आजोबा : काही नाही. हात चालत नसले तरी बसता येतं.

आजी : टेबलावर चला. ठमी वाट बघतेय.

आजोबा : तिला नीट शिकू दे. दीड वर्षाची पोर, बघेल ते उचलणार.

आजी : कालचं धरून बसलात ना?

आजोबा : काल तिला पहिल्यांदा स्वतःचा चमचा मिळाला. 'चच्चा' म्हणाली, सुपात बुडवला आणि तोंडाशी नेण्याआधी थरथर हलवला. पाहुणे हसले. हसू देत, मीही हसलो असतो. पण तू तिच्या हातावर चापट मारलीस. काय म्हणालीस?

आजी : जाऊ द्या ना.

आजोबा : म्हण की.

आजी : 'वेड्यासारखा हलवू नकोस.'

आजोबा : माझा चमचा तेव्हा अर्ध्या वाटेवर होता, तसाच थरथरत.

सून : (दारातून) आई, ठमी खातच नाहीये. चमचा मुठीत धरून बाबांच्या खुर्चीकडे बघत बसलीय.

आजोबा : आज तूच भरव गं.

सून : तोंड घट्ट मिटते. बाबा, एक सांगू? कंगवा सरळ धरते ती, ब्रशही. हलवते तो फक्त चमचा. तिच्या लेखी चमचा तसाच धरायचा असतो. जेवतो आम्ही सगळेच, पण तिने बघितलं तुमच्याकडे.

आजोबा : जा, सूप गार होईल. आणि येतो असं म्हणालो नाहीये हं मी!

आजी : लाज वाटली हो मला.

आजोबा : पोरीची?

आजी : खोटं कशाला बोलू? तुमच्या हाताची. केसाएवढी स्प्रिंग बसवायचा हा हात. लग्नानंतर मैत्रिणींना मुद्दाम दुकानात आणायचे मी, तो बघायला. आणि काल पाहुण्यांपुढे... कालपासून आरशात बघवत नाही मला.

आजोबा : कालचंच कुठे? दोन वर्षं झाली, सगळ्यांच्या वाट्या भरलेल्या आणि माझी अर्धी. मला कळत नाही होय?

आजी : सांडू नये म्हणून...

आजोबा : दिसू नये म्हणून.

आजी : हो. दिसू नये म्हणून.

आजोबा : हात दे. उठताना गुडघा धरतो.

आजी : ठमीची माफी मागितली तर कळेल का हो तिला?

आजोबा : शब्द नाही कळायचे. काहीतरी कर, म्हणजे बघेल.

सून : आले, आले! ठमे, बघ कोण आलं! आता कशी हसतेय लबाड. आई, वाढा.

आजोबा : मला अर्धीच.

आजी : ठमे, इकडे बघ हं. ही आजोबांची वाटी. काठोकाठ.